कंबुजदेशांतील पक्षपंधरवडा

पितृपक्षांत दूरच्या प्रवासास निघूं नये, असें आमच्या घरीं पूर्वापार मानीत आले आहेत. तेव्हां इ. स. २०१९ च्या भाद्रपदांत आम्हीं उभयतांनीं कंबोडियास जावयाचें ठरविलें, त्या वेळीं घरांत थोडी कुजबुज झाली यांत नवल नाहीं. तीर्थरूपांचा पक्ष अष्टमीचा. तो वडील बंधूंच्या हस्तें यथासांग पार पडला, कावळ्यानेंही फार वाट पाहावयास लावली नाहीं. आणि दुसऱ्याच रात्रीं आम्हीं प्रस्थान ठेविलें. "अमावास्या होईपर्यंत पांच दिवस दम धरवला नाहीं का भावोजींना?" असें वहिनी स्वयंपाकघरांत म्हणाल्या, आणि तें आम्हांस ऐकूं जावें अशाच बेतानें म्हणाल्या. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु चिरंजीवांनीं तिकिटें आधींच काढून ठेविलीं होतीं, व तिकडील पावसाळ्याचे दिवस म्हणून तीं स्वस्तांत मिळालीं होतीं. स्वस्ताईपुढें शास्त्र थोडें मागें सरतें, हा आमच्या मध्यमवर्गाचा जुना अनुभव आहे.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत तेवढें पाठशाळेंत शास्त्रीबुवांच्या हाताखालीं घोकून झालें, आणि त्याच्याच बळावर पुढें तीसपस्तीस वर्षें शाळेंत मुलांकडून रूपें म्हणवून घेतलीं. कंबुजदेशांतील संस्कृत शिलालेखांविषयीं आम्हीं तरुणपणींच वाचलें होतें. बार्थ आणि बेर्गेन या फ्रेंच पंडितांनीं ते १८८५ ते १८९३ या काळांत प्रसिद्ध केले, व पुढें १९५३ सालीं डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांनीं ते एकत्र करून इंग्रजी ग्रंथ काढला. समुद्रापलीकडील त्या रानांत हजार वर्षांपूर्वीं कोणी कवि शुद्ध वृत्तांत श्लोक रचीत बसला होता, या कल्पनेनें आमचा ऊर नेहमींच भरून येई. खरें सांगावयाचें तर, आपलीच कांहीं ठेव परदेशीं पडून आहे, ती एकदां डोळ्यांखालून घालावी, अशा मालकीच्या भावनेनें आम्ही निघालों होतों.

सियाम रीप या गांवीं विमान उतरूं लागलें तेव्हां खालीं जें दिसलें, तें मात्र परदेशासारखें मुळींच दिसेना. भाताचीं हिरवीं खाचरें, त्यांत गुडघाभर पाणी, आणि बांधाबांधांवर उभे ताड. सौ. म्हणाल्या, "आपण वसईकडेच परत आलों कीं काय?" चिरंजीवांनीं ठरवून दिलेला वाटाड्या विमानतळावर आला होता. वय पन्नाशीच्या थोडें पुढें, अंगानें काटकुळा, बोलणें मृदु. आम्ही शिक्षक होतों हें कळतांच त्यानें दोन्ही हात जोडून छातीपुढें धरले व आम्हांस 'लोक क्रू' म्हणावयास आरंभ केला. 'क्रू' म्हणजे गुरु. 'लोक' हा त्यांच्याकडील आदरवाचक शब्द. तेथपासून आमची शिकार सुरू झाली. देवालयास ते 'प्रासात' म्हणतात, तो प्रासाद. अक्षर तें 'अक्सॉर', भाषा ती 'फिआसा'. अंगकोर हें नांवही आपल्या नगर शब्दाचेंच पोर आहे. सायंकाळपर्यंत आमच्या वहीचीं दोन पानें भरलीं, आणि वाटाड्या कौतुकानें पाहत राहिला. त्यांच्याकडे भेटल्यावर 'भात खाल्लात का?' असें विचारण्याची रीत आहे, हेंही त्यानें सांगितलें. आपल्याकडील 'जेवलात का?' तो हाच. वहींत आम्हीं तेंही टिपून घेतलें, पण त्या प्रश्नाचा अर्थ अजून आम्हांस समजावयाचा होता.

दुसऱ्या दिवशीं एकादशी. केळीं आणि शहाळ्याचें पाणी यांवर उपास, अशा स्थितींत आम्हीं अंगकोर वाट पाहिलें. दुसरा सूर्यवर्मा या राजानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें विष्णुमंदिर बांधविलें. भोंवतीं सुमारें १९० मीटर रुंदीचा खंदक आहे, आणि त्या पाण्यांत मेरुपर्वताचीं शिखरें म्हणून उभारलेले पांच कळस उलटे दिसतात. आंतील ओवऱ्यांच्या भिंतींवर जें कोरलें आहे तें पाहावयास एक दिवस पुरत नाहीं. पश्चिमेच्या एका अंगास कुरुक्षेत्र आहे, त्यांत भीष्माचार्य शरपंजरीं पडले आहेत. दुसऱ्या अंगास लंकेचें युद्ध आहे. पूर्वेच्या ओवरींत समुद्रमंथन. तो पट जवळजवळ ४९ मीटर लांब आहे. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मध्यें श्रीविष्णु, खालीं कूर्म, आणि वरतीं अप्सरांचे थवेच्या थवे. वासुकीस ओढतांना प्रत्येकाच्या पोटऱ्या कशा ताठल्या आहेत, हें आम्ही बराच वेळ पाहत उभे होतों. वर्गांत हा कथाभाग आम्हीं कैक वेळां शिकविला असेल. पण अमृत काढावयास एवढी मेहनत पडली हें त्या दिवशीं प्रथम पटलें. आतां तेथें बौद्ध भिक्षु वावरतात. विष्णूच्या एका भव्य मूर्तीस भाविक स्त्रिया कमळें वाहत होत्या, आणि कोणाचा देव कोणता असा तंटा तेथें कोणी करीत असल्याचें दिसलें नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं ता प्रोम पाहिलें. भिंतींवर अजगरासारख्या पसरलेल्या वृक्षांच्या मुळ्यांमुळें हें देऊळ चित्रांतून सर्वांस परिचित आहे, आणि आपल्या पुरातत्त्व खात्यानें २००४ पासून तेथें दुरुस्तीचें काम केलें, हें वाचून समाधानही होतें. सातवा जयवर्मा या बौद्ध राजानें आपल्या मातेच्या पुण्यस्मरणार्थ तें ११८६ सालीं स्थापिलें. तेथील संस्कृत शिलालेख म्हणजे जणूं कोठीघराची खतावणीच आहे. देवस्थानाच्या सेवेस ३,१४० गांवें लावून दिलीं होतीं, आणि सेवेकरी होते ७९,३६५. तांदूळ, तीळ, मूग, तूप, दहीं, मध यांचीं मापें त्यांत श्लोकबद्ध केलेलीं आहेत. राज्यांत १०२ आरोग्यशाळा असल्याचाही उल्लेख आहे. मापाचा आंकडा वृत्तांत बसविणें किती अवघड, हें ज्यानें स्वतः श्लोक जुळवून पाहिले आहेत त्यालाच कळेल. आम्ही त्या कवीवर खूष होऊन मुक्कामीं परतलों.

द्वादशीस बांतेय स्रेई. अंगकोरहून हें पंचवीसएक किलोमीटर आहे. यज्ञवराह नांवाच्या ब्राह्मण राजगुरूनें बांधविलेल्या या शिवालयाची प्रतिष्ठा ९६७ सालीं झाली. देऊळ अगदीं ठेंगणें, पण गुलाबी दगडावरील कोरीव काम असें, कीं चंदनाची पेटीच पुढें ठेवली आहे असें वाटावें. कैलास हलविणारा रावण, मदनदहन, खांडववनावर पडणारा पाऊस, हें सर्व वीतभर, हातभर जागेंत बसविलेलें आहे. दाराच्या उभ्या चौकटीवर संस्कृत लेख आहे. आम्हीं चष्मा पुसून, गुडघे टेकून पाहिलें. परंतु लिपि त्यांची, दक्षिणेंतील पल्लवांच्या लिपीपासून निघालेली. एकही अक्षर आम्हांस लागेना. भाषा आपली म्हणून मिरवीत गेलों, आणि दारांतच निरक्षर ठरलों.

त्या दिवशीं पारणें. देवळानजीक एका झांपाच्या खाणावळींत वाटाड्यानें आम्हांस नेलें, व 'मासा नको, मांस नको, अंडेंही नको' असें मालकिणीस दोनदां बजावलें. पानांत पांढऱ्याशुभ्र, ऊन भाताचा मोठा ढीग आला. शेजारीं तळ्यांत उगवणारी एक पालेभाजी, लसणीवर परतलेली. गवती चहा, हळद आणि कोलिंजन यांच्या वाटणाचा वासही मधून येत होता. भूक कडकडून लागली होती. आम्हीं भाजी तिच्या रसासकट भातावर घेऊन कालविली, पहिला घास उचलला, आणि नाकाशीं आणतांच मासळीचा वास आला.

मालकिणीचा कांहीं अपराध नव्हता. त्या देशांत तोनले साप नांवाचें प्रचंड सरोवर आहे. पावसाळ्यांत मेकाँग नदी फुगली म्हणजे सरोवरांतून निघणारी नदी उलटी वाहूं लागते, आणि तें पाणी कैक पटींनीं पसरतें. ओसरतांना मागें अपार मासळी राहते. तिचें खारविलेलें पाणी व मुरविलेला लगदा हे त्यांच्याकडे मिठाच्या जागीं वापरतात. आमटींत हिंग घातला तर आपण हिंग खाल्ला असें कोणी म्हणत नाहीं, तशीच तिची समजूत. पण आमचा घास खालीं गेला नाहीं तो गेलाच नाहीं. आम्हीं पान बाजूस सारलें, आणि पिशवींतील मेतकूट व लाह्या काढल्या. ज्या मास्तरानें जन्मभर मुलांस पानांत टाकूं नका म्हणून सांगितलें, त्यानें भाताचा सबंध ढीग टाकला.

वाटाड्या थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "लोक क्रू, हा भात मी घेऊं का?"

आम्ही गडबडलों. आमच्या हातानें कालविलेलें, आमचें उष्टें! पण उष्टें या शब्दास आमच्या मोडक्या इंग्रजींत शब्द सांपडेना. आम्ही नको नको म्हणत असतां त्यानें तें पान आपल्यापुढें ओढलें, आणि शेवटचें शीत बोटानें टिपून घेईपर्यंत शांतपणें जेवला. सौ.नीं मान खालीं घातली होती.

परततांना, मोटारसायकलीस जोडलेल्या छपराच्या गाडींत, त्यानें आपण होऊन सांगितलें. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूज या साम्यवादी टोळीनें राजधानी नोम पेन्ह काबीज केली, तेव्हां तो आठ वर्षांचा होता. शहरें रिकामीं करून सर्वांस शेतांवर हांकण्यांत आलें. शाळा बंद, विहार बंद, चलनसुद्धां बंद. हेक्टरी तीन टन भात पिकलाच पाहिजे असा हुकूम होता. आणि जो पिके तो पिकविणाऱ्यांस मिळत नसे. घरीं चूल पेटविण्याची मनाई. सार्वजनिक पातेल्यांतून पळीभर पेज मिळावयाची, तींत तळाशीं गेलेलीं शितें मुलें मोजीत बसत. त्यास आईबापांपासून दूर करून मुलांच्या टोळींत घातलें होतें. त्याचे वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. शिकलेल्या माणसांचा त्या काळांत विशेष शोध होई. एके रात्रीं त्यांस 'शिकावयास चला' असें सांगून बोलावून नेलें. हें त्याच्या आईनें त्यास मागाहून सांगितलें. कोणता महिना, कोणता दिवस, कोणासच ठाऊक नाहीं. देहही मिळाला नाहीं. ७ जानेवारी १९७९ रोजीं ती राजवट कोसळली, तोंवर सत्तर-ऐंशी लक्षांच्या त्या देशांत सुमारें सतरा लक्ष माणसें उपासमारीनें, रोगानें व कत्तलींत मेलीं होतीं.

हें सर्व त्यानें रस्त्यांतील गांवें दाखवावीं तितक्या साध्या आवाजांत सांगितलें. शेवटीं म्हणाला, "लोक क्रू, टाकलेला भात मला पाहवत नाहीं. राग मानूं नका."

ज्या भूमींत देवाच्या नैवेद्याचे तांदूळ मोजून शिळेवर कोरले, त्याच भूमींत आठ वर्षांच्या पोरानें पेजेंतील शितें मोजलीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. अन्नाची निंदा करूं नये, हें उपनिषदांतील व्रत आम्हीं शेंकडों मुलांकडून पाठ करवून घेतलें होतें. मासळी खाल्ली नाहीं याचा आम्हांस पश्चात्ताप नव्हता. तो आमचा नेम आहे. पण कालविण्यापूर्वीं थोडा भात बाजूस काढून ठेवावा, एवढी अक्कल कोणत्या शास्त्रानें नाकारली होती?

आतां मुख्य गोष्ट. निरोप घेतांना वाटाड्यानें विचारलें होतें, "उद्यां पहांटे विहारांत याल का? आमचा फ्चुम बेन चालला आहे." त्याचा अर्थ त्यानें उलगडून सांगितला तेव्हां आम्ही चकित झालों. 'बेन' म्हणजे पिंड. 'फ्चुम' म्हणजे एकत्र येणें. महिन्याचें नांव 'फोत्रबोत', म्हणजे भाद्रपद. त्याचा वद्य पंधरवडा पितरांचा, आणि अमावास्येस समाप्ति. ज्या पक्षपंधरवड्यांतून आम्ही पळून आलों होतों, तोच पुढें येऊन आमची वाट पाहत बसला होता!

अमावास्येच्या आदल्या दिवशीं पहांटे चारच्या सुमारास आम्ही उभयतां विहारीं गेलों. काळोख मिट्ट. मृतांपैकीं जे प्रेतयोनींत आहेत त्यांस उजेड सोसत नाहीं, म्हणून हा विधि उजाडण्यापूर्वीं करतात. त्यांचीं तोंडें सुईच्या अग्राएवढीं असतात, आणि आपल्या माणसांनीं आपल्यासाठीं कांहीं आणलें आहे का, हें पाहत तीं सात विहार हिंडतात, अशी समजूत आहे. आंत भिक्षूंचें पालि पठण चाललें होतें. बाहेर म्हातारेकोतारे, लेंकुरवाळ्या, शाळकरी मुलें, सर्व अनवाणी, हातांत ताटली घेऊन विहारास प्रदक्षिणा घालीत होतीं. आणि ताटलींतले लहान लहान गोळे काळोखांत टाकीत होतीं. वाटाड्यानें आपली ताटली आमच्यापुढें धरली. आम्हीं बोटानें चांचपून पाहिलें. चिकट भाताचे पिंड, आणि त्यांत तीळ.

तीळ हाताला लागले आणि आमच्या अंगावर कांटा आला. दोन दिवस आम्ही शब्द वेंचीत होतों, आंकडे टिपीत होतों, दगडांवर आपली मालकी शोधीत होतों. तेथें एक अक्षर वाचतां आलें नव्हतें. येथें अंधारांत, नुसत्या बोटांनीं, सर्व वाचतां आलें. आणि हें कांहीं आमचें तिकडे राहून गेलेलें नव्हे. हें त्यांचें आहे. चार वर्षें सक्तीनें बंद पडूनही त्यांनीं तें पुनः सुरू केलें आहे. ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं आपण सर्वपित्री अमावास्या ठेविली. त्यांच्याकडे तर सबंध पिढीची तिथि ठाऊक नाहीं.

दुसऱ्या प्रदक्षिणेस वाटाड्यानें एक पिंड आमच्या हातीं दिला. काय म्हणावें हें आम्हांस क्षणभर सुचेना. आम्हीं त्याच्या वडिलांचें नांव विचारलें. त्यानें तें आमच्या कानांत सांगितलें. पक्षाच्या पिंडदानांत पितरांमागून आचार्य, शिष्य, मित्र यांसही वांटा असतो. आम्हीं तें नांव आचार्यांच्या जागीं घेतलें आणि पिंड काळोखांत सोडला. मागें कोणी हुंदका दिल्यासारखें वाटलें. तो वाटाड्या होता कीं सौ. होत्या, हें आम्हीं वळून पाहिलें नाहीं.

उजाडल्यावर त्याच्या घरीं गेलों. लाकडी खांबांवर उचललेलें घर, खालीं सावलींत चटई. त्याच्या पत्नीनें केळीच्या पानांत उकडलेले दोन पदार्थ पुढें ठेविले, आणि वाटाड्यानें हंसून प्रथमच सांगितलें, कीं यांत मासळीचें पाणी नाहीं. एक 'अन्सोम चेक', म्हणजे चिकट तांदळांत केळें घालून उकडलेली गुंडाळी. दुसरा 'नोम कोम'. त्याचें पान सोडतांच सौ. जवळजवळ ओरडल्याच, "अहो, हा तर उकडीचा मोदक!" चिकट तांदळाच्या पिठाची पारी, आंत नारळ आणि ताडाचा गूळ. चतुर्थी होऊन महिनाही झाला नव्हता. भाषेची अडचण असूनही त्या दोघी तेथून चुलीपाशीं गेल्या, आणि पारीला कळ्या कां पाडीत नाहींत, पान कसें मुडपतात, यावर हातवाऱ्यांनीं अर्धा तास चर्चा झाली. आम्हीं तीन नोम कोम खाल्ले. पानाला लागलेलें सारण बोटानें काढून घेतलें, आणि त्याकडे वाटाड्या पाहत होता हें आम्हांस ठाऊक होतें.

घरीं परतल्यावर सर्व वृत्तांत यथाक्रम सांगितला. मुलांस वृक्षांच्या मुळ्या आवडल्या, वहिनींनीं नोम कोमची कृति दोनदां विचारून घेतली, आणि अमावास्येविषयीं पुढें कांहीं बोलल्या नाहींत.

पुढील वर्षीं, २०२० सालीं, साथीमुळें भटजी येऊं शकले नाहींत. पोथी पुढें ठेवून बंधूंनींच पक्ष केला, आणि आम्ही शेजारीं बसून वाचून दाखवीत होतों. आचार्यांची ओळ आली तेव्हां आम्ही थांबलों व भीतभीतच तें परदेशी नांव सांगितलें. बंधु कडक कर्मठ. शुद्धाशुद्धाच्या बाबतींत त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची आजन्म छाती झाली नाहीं. त्यांनीं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें.

"गोत्र काय?"

"ठाऊक नाहीं," आम्ही म्हणालों. "शिक्षक होते."

बंधूंनीं थोडा विचार केला. "गोत्र ठाऊक नसेल त्याचें काश्यप धरावें असें शास्त्र आहे," ते म्हणाले, आणि पळींत पाणी व तीळ घेऊन त्यांनीं तें नांव दोनदां अडखळत, तिसऱ्यांदा स्पष्ट उच्चारलें.